शपथेवाचून खरे

लहान मूल काही सांगू लागले आणि आपल्या चेहऱ्यावर शंकेची रेघ उमटली, की ते गळ्याला चिमूट लावून लगेच म्हणते, "आईशप्पथ!" वाचकहो, आपणही लहानपणी हे केले असेल. मोठेपणी 'देवाशपथ सांगतो' किंवा 'तुझ्या गळ्याची शपथ' असेही कधी तोंडातून गेले असेल. आपल्या जुन्या कागदपत्रांत बेलभंडार उचलून दिलेल्या वचनांचे उल्लेख येतात. पुरावा अपुरा पडला तर 'दिव्य' करायला लावण्याची, म्हणजे तापलेल्या तेलात हात घालून खरेपणा सिद्ध करायला लावण्याची चालही मराठेशाहीत होती. सारांश काय, तर नुसत्या शब्दावर माणसाचा विश्वास बसत नाही. शब्दाला मागून कुणाचा तरी टेकू लागतो. कधी आईचा, कधी देवाचा, तर कधी कढईतल्या तेलाचा.

पण या शपथेच्या पोटात एक गोष्ट दडलेली असते, ती सहसा आपल्या ध्यानात येत नाही. 'आता मी शपथेवर सांगतो' असे म्हणणारा माणूस नकळत हेही कबूल करतो, की एरवी मी सांगतो ते तितकेसे खरे असेलच असे नाही. जणू घरात दोन मापे ठेवली आहेत: एक रोजच्या गिऱ्हाइकाचे आणि दुसरे सरकारी तपासनीस आला म्हणजे बाहेर काढायचे!

या दोन मापांवर ख्रिस्ती धर्मग्रंथाने स्पष्ट बोट ठेवले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरील प्रवचन म्हणून जो प्रसिद्ध भाग आहे, त्यात येशू ख्रिस्त आपल्या शिष्यांना शपथ मुळीच वाहू नका असे सांगतो. स्वर्गाची नको, पृथ्वीची नको, स्वतःच्या मस्तकाचीही नको. तुमचा साधा होकार आणि साधा नकार एवढ्यावरच भागले पाहिजे, असा त्या उपदेशाचा आशय. याकोबाच्या पत्रात तोच उपदेश पुन्हा आला आहे, आणि जीभ हा अवयव लहान असला तरी केवढे रान पेटवू शकतो याचा इशाराही त्याच पत्रात आहे. इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात आणखी एक अट येते: सत्य बोलायचे, पण ते प्रेमाने बोलायचे. खरेपणा आणि ममता या दोन्ही गोष्टी एकाच जिभेकडून मागितल्या आहेत.

उपदेश ऐकणे सोपे असते. ख्रिस्ती जगाने हा उपदेश दीड हजार वर्षांहून अधिक काळ देवळादेवळांतून ऐकला आणि बाहेर येऊन शपथाही घेतल्या. राजांनी घेतल्या, धर्माधिकाऱ्यांनी घेतल्या, साक्षीदारांनी तर रोजच घेतल्या. हा निषेध केवळ उथळ शपथांपुरता आहे, न्यायासनापुढची गंभीर शपथ त्यात येत नाही, अशी तोड पंडितांनी काढली होती. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंड-जर्मनीकडच्या अ‍ॅनाबाप्टिस्ट लोकांनी मात्र हा उपदेश शब्दशः घेतला आणि त्यासाठी छळ सोसला. पुढच्या शतकात इंग्लंडात असाच एक पंथ निघाला. आज मला आपल्याला त्या पंथाची हकीकत सांगायची आहे, कारण साध्या 'होय'ची किंमत काय पडते आणि तो 'होय' म्हणूनही माणूस कुठे चुकू शकतो, हे दोन्ही तिच्यातून कळते.

या पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स. इसवी सन १६२४ मध्ये इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यात एका विणकराच्या घरी तो जन्मला. पोरवयात तो एका चांभाराकडे उमेदवारीला होता. हा मालक लोकर आणि गुरेढोरे यांचाही व्यापार करी. व्यवहारात 'खरोखर' एवढा एकच शब्द हा पोरगा वापरी, आणि जॉर्ज 'खरोखर' म्हणाला म्हणजे आता त्याला हलवणे नाही, असे लोक म्हणत, अशी आठवण त्याने पुढे आपल्या रोजनिशीत नोंदवली आहे. एकोणिसाव्या वर्षी त्याने घर सोडले. गावोगाव भटकत, उपदेश करत तो फिरला. प्रत्येक माणसाच्या ठायी ईश्वराचा प्रकाश आहे, त्याला मध्यस्थ पुरोहित नको, ही त्याची शिकवण. त्याचे अनुयायी स्वतःला 'फ्रेंड्स', म्हणजे मित्र म्हणवीत. १६५० साली डर्बी येथे एका न्यायाधीशाने थट्टेने त्यांना 'क्वेकर', म्हणजे थरथरणारे म्हटले. आणि टोपणनावेच चिकटतात या जगाच्या रीतीप्रमाणे तेच नाव रूढ झाले.

क्वेकरांची उपासना म्हणजे मुख्यतः मौन. सगळ्यांनी एकत्र बसायचे आणि गप्प राहायचे. एखाद्याला आतून खरेच बोलावेसे वाटले तर त्याने उठून बोलायचे, नाही तर मौनातच सभा संपायची. आता पाहा, जी माणसे तास-तास गप्प बसून मग एखादे वाक्य बोलतात, त्यांना प्रत्येक शब्दाचे वजन कळू लागते. मग रोजच्या बोलण्यातही त्यांना खोटेपणाचे खडे टोचू लागले.

पहिला खडा टोचला तो संबोधनाचा. हे इंग्रजी वाचकापेक्षा मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण आपल्या भाषेत अजून तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत. त्या काळच्या इंग्रजीतही दोन होत्या. बरोबरीच्या किंवा खालच्या माणसाला एकवचनी 'दाउ' म्हणायचे आणि वरच्याला अनेकवचनी 'यू'. क्वेकर म्हणू लागले, समोर माणूस एक आहे, मग त्याला अनेकवचन लावणे ही खुशामत झाली, आणि खुशामत म्हणजे खोटेच. देवाला आपण एकवचनी हाक मारतो, मग जमीनदाराला जास्त मान का? (आपणही विठोबाला 'तू'च म्हणतो, नाही का?) म्हणून ते सर्वांना एकवचनीच बोलू लागले, आणि कुणापुढे टोपी काढीनासे झाले. कल्पना करा, कचेरीत शिरून कुणी मामलेदारसाहेबांना 'काय रे, कसा आहेस?' म्हणावे. काय गहजब होईल! तिकडेही तोच झाला. टॉमस एलवुड नावाच्या तरुणाने (हाच पुढे आंधळ्या झालेल्या मिल्टन कवीला वाचून दाखवायला जात असे) बापापुढे टोपी काढली नाही, तेव्हा बापाने त्याला बडवून काढले आणि त्याच्या साऱ्या टोप्या एकामागून एक काढून घेतल्या. आरमाराचे सरदार सर विल्यम पेन यांनी तर क्वेकर झालेल्या आपल्या मुलाशी तहच करून पाहिला: तू वाटेल त्याला अरे-तुरे कर, फक्त राजा, राजाचा भाऊ आणि मी, या तिघांना सोड. मुलाने हा तह मानला नाही.

याला आडमुठेपणा म्हणावे की सचोटी? मला वाटते, दोन्ही थोडेथोडे होते. पण टोपीवरून फार तर मार बसत असे. शपथेवरून सर्वस्व जाऊ लागले.

१६६० साली दुसरा चार्ल्स गादीवर आला. यादवी युद्धाच्या आठवणी ताज्या होत्या, कटाची भीती होती. जो राजनिष्ठेची शपथ घेईल तो आपला, जो घेणार नाही तो शत्रू, अशी सोपी कसोटी सरकारने धरली. क्वेकरांचे म्हणणे असे की राजाविरुद्ध आम्ही शस्त्र धरणार नाही, हे आम्ही साध्या शब्दांत लिहून देतो. पण शपथ तेवढी मागू नका. १६६२ साली खास त्यांच्यासाठी कायदा झाला. शपथ नाकारणे आणि पाच किंवा अधिक जणांनी उपासनेसाठी जमणे हे गुन्हे ठरले. पहिल्या गुन्ह्याला पाच पौंडांपर्यंत दंड, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला देशाबाहेर हद्दपारी. यातली मेख अशी, की क्वेकराविरुद्ध दुसरा काही आरोप टिकला नाही तरी न्यायाधीशाने फक्त बायबल पुढे करायचे आणि शपथ घे म्हणायचे. माणूस आपल्या पायांनी तुरुंगात जाई.

१६६४ साली लँकास्टरच्या न्यायालयात फॉक्सपुढे असेच बायबल धरले गेले. ते हातात घेऊन त्याने न्यायाधीशांना सुनावले, की ज्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्या म्हणता, तोच ग्रंथ शपथ घेऊ नका म्हणतो आहे. मग ग्रंथाला का तुरुंगात घालत नाही? त्याने आणखी एक गंमत केली. त्याच्यावरील आरोपपत्र त्याने बारकाईने ऐकले आणि त्यातल्या तारखा चुकल्या असल्याचे दाखवून दिले. म्हणजे शपथ घेतलेल्या पंचांनी चुकीचा कागद खरा ठरवला होता, आणि शपथ न घेणारा माणूस त्यांची चूक काढत होता! आरोपपत्र रद्द झाले. न्यायाधीशाने मात्र तत्क्षणी पुन्हा बायबल पुढे केले आणि फॉक्स पुन्हा कोठडीत गेला. तिथून त्याला स्कारबरोच्या किल्ल्यात हलवले आणि १६६६ साली त्याची सुटका झाली.

१६६४ सालीच त्याच न्यायालयात मार्गारेट फेल या विधवा बाईचा खटला चालला. बाई मोठ्या घरची. तिचा दिवंगत पती स्वतः न्यायाधीश होता. स्वार्थमूर येथील तिच्या वाड्यात क्वेकरांच्या सभा भरत. अधिकाऱ्यांनी तिला सुचवले होते, की तुमच्या घरी सभा भरवणार नाही असे सांगा, मग आम्ही शपथेचा आग्रह धरणार नाही. दुसरे कुणी असते तर 'बरं' म्हणून घरी आले असते आणि महिन्याभराने सभा पुन्हा सुरू केल्या असत्या. तिला ते जमेना. तिला जन्मठेप आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा झाली; त्यातली चार वर्षे तिने तुरुंगात काढली. अशी हजारो माणसे त्या काळात तुरुंगांत गेली, आणि शेकडो जण तिथल्या थंडीने, घाणीने, तापाने मेले.

जे बाहेर राहिले त्यांचीही सुटका नव्हती. शपथ नाही म्हणून साक्ष नाही. साक्ष नाही म्हणून घरात चोरी झाली तरी चोराविरुद्ध बोलता येत नाही. बुडवलेले कर्ज वसूल करायचे, वडिलांचे मृत्युपत्र शाबीत करायचे, तर तिथेही शपथ. एखाद्या लबाडाने खोटा दावा लावला तर शपथेवर उत्तर देता येत नाही म्हणून दावा हरायचा. जी माणसे खरे बोलण्यासाठी हटून बसली, त्यांचेच बोलणे कायद्याच्या लेखी शून्य ठरले.

आणि तरी बाजारात वेगळेच घडत होते. त्या काळी दुकानदाराने दुप्पट सांगायचे, गिऱ्हाइकाने निम्मे म्हणायचे आणि 'देवाशपथ, मला यात काही सुटत नाही' असे म्हणत मधे कुठेतरी सौदा तोडायचा, ही रीत होती. क्वेकर दुकानदार एकच भाव सांगत. प्रथम गिऱ्हाईक फिरकेना. जो नमस्कार करत नाही, घासाघीस करत नाही, त्याच्याकडे कोण जाणार? पण काही दिवसांनी लोकांच्या ध्यानात आले, की यांच्या दुकानात लहान पोर पाठवले तरी त्याला मोठ्या माणसाच्याच भावाने माल मिळतो. फॉक्सनेच हे लिहून ठेवले आहे. शब्द खरा आहे की नाही याची कसोटी कोर्टापेक्षा लहान पोराच्या मुठीतल्या पैशावर अधिक चांगली लागते, हे मला तरी त्यातून शिकण्यासारखे वाटते.

हळूहळू कायदाही नमला. १६९६ साली पार्लमेंटने क्वेकरांना शपथेऐवजी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची मुभा दिली. पण त्या प्रतिज्ञेतही ईश्वराला साक्षी ठेवण्याचे शब्द होते, तेव्हा ही मागल्या दाराने आणलेली शपथच नव्हे काय, असा वाद क्वेकरांतच माजला. १७२२ साली ते शब्द गेले आणि आपण गांभीर्याने, प्रामाणिकपणे आणि खरेपणाने सांगतो, एवढेच राहिले. फौजदारी खटल्यांत त्यांची अशी साक्ष चालू लागायला १८२८ साल उजाडले. जॉन आर्चडेल नावाचा क्वेकर १६९८ साली पार्लमेंटवर निवडून आला होता, पण शपथ घेईना म्हणून सभागृहाने त्याला बसू दिले नाही. जोसेफ पीझ हा १८३३ साली केवळ प्रतिज्ञा करून आपल्या जागेवर बसला. म्हणजे मधे किती वर्षे गेली पाहा: एकशे पस्तीस.

आणि एकदा दार उघडले म्हणजे त्यातून कोण आत येईल हे दार उघडणाऱ्याच्या हाती राहत नाही. १८८० साली नॉर्दम्प्टनहून चार्ल्स ब्रॅडलॉ निवडून आला. हा तर पक्का नास्तिक. त्याने प्रतिज्ञेचा हक्क मागितला, सभागृहाने नाकारला. मतदारांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिले, सभागृहाने पुन्हा पुन्हा अडवले. अखेर त्याच्याच प्रयत्नाने १८८८ चा शपथांचा कायदा झाला आणि ज्याला शपथ घ्यायची नाही अशा कुणालाही प्रतिज्ञेची वाट मोकळी झाली. देवाच्या आज्ञेखातर ज्यांनी तुरुंग पत्करला त्यांनी पाडलेली वाट, देव न मानणाऱ्यालाही उपयोगी पडली. हाच ब्रॅडलॉ १८८९ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनासाठी आपल्या मुंबईला आला होता.

हिंदुस्थानात हा प्रश्न निराळ्या वाटेने आला. इथल्या कोर्टांत हिंदूंना गंगाजलाची आणि मुसलमानांना कुराणाची शपथ घालीत. पुष्कळ सज्जन माणसे त्या भीतीने साक्षीलाच येत नसत आणि न्यायाचे काम अडे. म्हणून १८४० च्या पाचव्या कायद्याने ती सक्ती रद्द करून गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा आणली. पुढे १८७३ चा आणि मग १९६९ चा कायदा झाला. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांसाठी, खासदार-आमदारांसाठी, न्यायाधीशांसाठी दोन पर्याय शेजारी शेजारी छापलेले आहेत: ईश्वरसाक्ष शपथ, किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. शपथविधी पाहताना कुणी दुसरा पर्याय निवडला, तर त्या शब्दांच्या मागे लँकास्टरची ती थंड कोठडीही उभी आहे, हे आपण आठवावे.

वाचकहो, इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण सचोटीवर बोलताना अर्धी हकीकत सांगून उठणे बरे नव्हे. उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याला पुन्हा मागे, सतराव्या शतकात, आणि समुद्र ओलांडून अमेरिकेत जावे लागेल.

अरे-तुरे न सोडणारा तो आरमार-सरदाराचा मुलगा, धाकटा विल्यम पेन, याने १६८२ साली पेनसिल्व्हेनिया वसाहत उभी केली. क्वेकरांना तिथे कुणी शपथ मागणार नव्हते. टोपी डोक्यावर राहिली, भाव एकच राहिला, होकार-नकार सरळ राहिले. आणि याच माणसांनी गुलाम विकत घेतले. खुद्द पेनच्या मळ्यावर गुलाम होते. फॉक्सने १६७१ साली बार्बाडोस बेटावर मालकांना गुलामांशी ममतेने वागण्याचा आणि काही वर्षांनी त्यांना मोकळे करण्याचा सल्ला दिला होता, पण मुळात माणूस विकत घेणेच खोटे आहे, हे त्यानेही म्हटले नाही. १६८८ साली जर्मनटाउन येथल्या चौघांनी ते लिहून सभेपुढे ठेवले. सभेने ते वरच्या सभेकडे, तिने आणखी वरच्या सभेकडे पाठवले, आणि शेवटी ते बासनात गेले. एका शब्दाची खोटी शपथ ज्यांच्या घशाखाली उतरत नव्हती, त्यांच्या घशाखाली माणसाच्या विक्रीचा आख्खा कागद उतरला. नियम जिभेला लावला होता, हात मोकळाच राहिला होता.

या खोटेपणाविरुद्ध दोन माणसे उभी राहिली, आणि दोघांची बोलण्याची तऱ्हा अगदी निराळी.

पहिला बेंजामिन ले. जन्म १६८२, चणीने जेमतेम चार फूट, पाठीला पोक, पूर्वीचा खलाशी. बार्बाडोसमध्ये गुलामांचे हाल त्याने डोळ्यांनी पाहिले होते. १७३८ साली बर्लिंग्टन येथे क्वेकरांची वार्षिक सभा भरली असता तो अंगावर मोठा झगा घालून आला. आत त्याने तलवार लपवली होती, आणि एका पोखरलेल्या पुस्तकात लाल फळांच्या रसाने भरलेली पिशवी. गुलाम बाळगणारे देवापुढे खुनी आहेत असे गरजून त्याने त्या पुस्तकात तलवार खुपसली आणि तो लाल रस भोवतालच्या लोकांच्या अंगावर उडाला. सभेने त्याला उचलून बाहेर टाकले, पंथातूनही काढले.

दुसरा जॉन वुलमन. जन्म १७२०, न्यूजर्सीतला साधा शिंपी आणि दुकानदार. तेवीस वर्षांचा असताना त्याच्या मालकाने त्याला अचानक सांगितले, मी एक काळी बाई विकली आहे, तिच्या विक्रीचा कागद लिही. विकत घेणारा म्हातारा क्वेकर समोर बसला होता. वुलमनचे मन कचरले, पण त्याने कागद लिहिला. आणि लिहिताना मालकाला व त्या म्हाताऱ्याला सांगितले, की गुलाम ठेवणे ख्रिस्ती धर्माला धरून नाही असे मला वाटते. त्याने पुढे लिहून ठेवले आहे, की हे बोलल्याने मन थोडे हलके झाले, पण हा कागद मी लिहीत नाही म्हटले असते तर ते अधिक स्वच्छ झाले असते. तोंड खरे बोलले होते, लेखणीने खोटे केले होते.

पुढे त्याने ही दुफळी मिटवली. एकदा एका जखमी शेजाऱ्याने त्याला मृत्युपत्र लिहून द्यायला सांगितले. त्यात एक गुलाम मुलगी कुणाला तरी द्यायची होती. वुलमनने बाकीचे सगळे लिहिले, ते एक कलम सोडले. कागद शेजाऱ्याच्या बिछान्याजवळ नेऊन तो स्नेहाने म्हणाला, की हे मात्र माझ्या हातून लिहिले जाणार नाही, आणि जे लिहिले त्याची मजुरी मला नको. दोघे बराच वेळ बोलत बसले. शेवटी शेजाऱ्याने मुलीला मुक्त करायचे कबूल केले, आणि वुलमनने मृत्युपत्र पुरे केले.

ही त्याची पद्धत होऊन गेली. चारचौघांत तो कुणाचा पाणउतारा करत नसे. मालकाला बाजूला घेऊन एकट्याशी बोले. दक्षिणेकडे प्रवासात गुलामांच्या श्रमावर चाललेल्या घरी उतरायची वेळ आली, तर निघताना त्या पाहुणचाराचे पैसे देऊन जाई. कधी यजमानाच्या हाती ठेवी, कधी त्या गुलामांनाच देई. फुकटच्या जेवणाने आपली जीभ मऊ पडते, हे त्याने ओळखले होते. म्हणजे ममता याचा अर्थ त्याने सत्याला साखर लावणे असा केला नाही. खरे बोलण्याचा पहिला भुर्दंड आपण सोसायचा, आणि ऐकणाऱ्याला शरम न वाटता माघार घेता येईल एवढी जागा ठेवायची, हा त्याचा अर्थ.

१७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरोघरी जाऊन त्यांच्याशी बोलण्यासाठी माणसे नेमली. वुलमन त्यांत होता. १७७२ साली इंग्लंडच्या प्रवासात यॉर्क येथे देवीच्या रोगाने तो वारला. १७७६ साली त्या सभेने नियम केला, की जो गुलाम मोकळे करणार नाही तो आमच्यात राहणार नाही. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपायला अजून एकोणनव्वद वर्षे होती.

मग लेचा आरडाओरडा व्यर्थच गेला काय? मला तसे म्हणवत नाही. १७५८ च्या निर्णयापासून १७७६ पर्यंत अठरा वर्षे गेली. सभेत बसणाऱ्यांना ती फार वाटली नसतील. पण ज्याच्या पाठीवर कोरडे उडत होते त्याला अठरा वर्षे म्हणजे जवळजवळ अर्धे आयुष्य. त्याच्या बाजूने विचार केला तर लेचा संताप हीही एक ममताच होती; फक्त तिचे तोंड मालकाकडे नसून गुलामाकडे होते. १७५८ च्या निर्णयाची बातमी कानी आली तेव्हा आता मी सुखाने मरेन असे तो म्हणाल्याचे सांगतात, आणि पुढच्याच वर्षी तो गेला. लेने झोपलेल्यांना उठवले आणि वुलमनने उठलेल्यांचा हात धरून त्यांना दारापर्यंत नेले, असे म्हटले तर दोघांनाही न्याय होईल. गोड बोलण्याच्या नावाखाली गप्प बसणारे जे बहुसंख्य होते, त्यांचे नाव मात्र इतिहासाने ठेवले नाही.

एवंच, या तीन-सव्वातीनशे वर्षांच्या गोष्टीतून मला दिसते ते इतकेच. खरे बोलणे जिभेपाशी सुरू होते, पण तिथे संपत नाही. ते लेखणीला, तराजूला आणि जेवणाच्या पानालाही विचारावे लागते. आणि प्रेमाने बोलणे म्हणजे मवाळ बोलणे नव्हे. ज्याला बोलतो त्याचे, आणि ज्याच्यासाठी बोलतो त्याचेही, भले मनात धरून बोलणे.

आणि ऐकणाऱ्याचेही काही कर्तव्य आहेच. आपण शंकेने पाहतो म्हणून समोरचा शपथेकडे धावतो. तेव्हा वाचकहो, उद्या घरातले पोर गळ्याला चिमूट लावून 'आईशप्पथ' म्हणू लागले, तर त्याचा हात हळूच खाली घ्या आणि म्हणा, "राहू दे रे शपथ. तू सांगतोस ना? मग झाले."